कोडला फुटलेले फाटे

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू झालं की घराघरांत लोक प्राप्तिकराच्या टप्प्यांकडे कान लावून बसतात. आमच्या ऑफिसात मात्र सगळं लक्ष असतं ठेवींच्या व्याजावरच्या करकपातीकडे, म्हणजे टीडीएसकडे. सहकारी बँकांना लागणारं सॉफ्टवेअर लिहिणं आणि वर्षानुवर्षं सांभाळणं हे माझं काम. २०२५च्या अर्थसंकल्पात टीडीएसची मर्यादा ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजारांवरून १ लाखावर गेली आणि बाकीच्यांसाठी ४० हजारांवरून ५० हजारांवर. दोन आकडे बदलायचे, १ एप्रिलच्या आत. ऐकणाऱ्याला वाटेल, चहा संपायच्या आत होईल.

ज्या प्रोग्रामची घडी नीट आहे तिथे ते खरोखर तेवढ्यात होतं. जिथे ती विस्कटली आहे तिथे तेच काम अख्खा मार्च खातं, आणि बदल लाइव्हला गेल्यावरही कुणाला शांत झोप लागत नाही. हा फरक ठेवीदाराला दिसत नाही, बँकेच्या संचालकांना दिसत नाही, पुष्कळदा आमच्या वरिष्ठांनाही दिसत नाही, कारण पडद्यावर दोन्हीकडे आकडा बरोबरच उमटत असतो. हा फरक मोजता येतो का, आणि मोजल्यावर कोड आवरायला नेमका कधी घ्यायचा, हे मला सांगायचं आहे.

टीडीएसचंच उदाहरण घेऊ. मुदत ठेवीवर व्याज जमा करताना प्रोग्राम काही प्रश्न विचारतो. ठेवीदार ज्येष्ठ नागरिक आहे का? असेल तर मर्यादा एक, नसेल तर दुसरी. सगळ्या शाखांतल्या ठेवींचं मिळून वर्षाचं व्याज त्या मर्यादेच्या वर जातं का? जात नसेल तर विषय संपला. पॅन दिलेला आहे का? नसेल तर २० टक्के कपात. पॅन आहे, मग आपल्याला कर लागत नाही असं सांगणारा १५जी किंवा १५एच फॉर्म भरून दिला आहे का? दिला असेल तर कपात नाही, नसेल तर १० टक्के. प्रश्न चार, आणि प्रत्येक ठिकाणी वाटेला फाटा फुटतो. एवढं चित्र एका पानावर मावतं आणि कामावर नवीन आलेल्या मुलीलाही पहिल्याच दिवशी समजतं.

पण कायदा एका जागी थांबत नाही. कोविडच्या काळात १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढ्यापुरता कपातीचा दर १०वरून साडेसात टक्क्यांवर आला. पॅन नसलेल्यांना मात्र ती सूट नव्हती. मुदत संपली म्हणून कोडमधला तो प्रश्न लगेच काढून टाकता आला नाही, कारण त्या काळातल्या एखाद्या तिमाहीचं सुधारित विवरणपत्र भरायची वेळ आली तर दरही त्याच वेळचा लागतो. ज्येष्ठ कुणाला म्हणायचं, यातही गाठ आहे. आर्थिक वर्षात कधीही साठी पूर्ण झाली तर तो ठेवीदार त्या वर्षी ज्येष्ठ. मग १ एप्रिलला जन्मलेल्याचं काय? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की त्याची साठी आदल्या दिवशी, ३१ मार्चला पूर्ण झाली असं धरायचं. म्हणजे त्याला ज्येष्ठपण एक वर्ष आधी मिळालं आणि कोडला आणखी एक फाटा फुटला. त्याआधी १ जून २०१५पासून आवर्ती ठेवी टीडीएसखाली आल्या आणि सहकारी बँकेच्या सभासदांना असलेली सूटही गेली. ते फाटे वेगळे.

प्रत्येक बदल आपापल्या वेळी रास्त होता आणि लहान होता. ज्याने तो केला त्याच्यापुढे तारीख होती, बँकेचे फोन येत होते. त्याने आहे त्या कोडमध्ये जागा शोधली आणि एक 'जर' घातला. पुढच्याने त्या 'जर'च्या पोटात दुसरा घातला. मेअर लेमन यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअरची वाढ अभ्यासून १९७४पासून जे नियम मांडले, त्यांतला एक हाच आहे: वापरातला प्रोग्राम बदलत राहतो, आणि मुद्दाम कष्ट घेतले नाहीत तर त्याची गुंतागुंत वाढतच जाते. त्यात कुणाचा आळस किंवा अडाणीपणा असावाच लागत नाही. नवीन डेव्हलपर मुलांना मी हे पहिल्यांदा सांगते, कारण जुना कोड उघडला की आधीच्या माणसाला नावं ठेवण्यातच त्यांचा पहिला आठवडा जातो.

गुंतागुंतीला आकडा दिला तो थॉमस मॅकेब यांनी. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला होते. डिसेंबर १९७६मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ऑयलरने १७३६मध्ये क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवताना ज्या गणिताचा पाया घातला, तेच आलेखांचं गणित मॅकेबनी प्रोग्रामला लावलं. कोडचा प्रत्येक सरळ तुकडा म्हणजे एक ठिपका, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायची वाट म्हणजे रेघ. रेघांतून ठिपके वजा करायचे आणि २ मिळवायचे. रोजच्या कामात याहून सोपं करता येतं: फाटे मोजायचे आणि १ मिळवायचा. एकही फाटा नसलेल्या फंक्शनचा आकडा १. आपल्या चार प्रश्नांच्या टीडीएसचा ५. कोविडची सूट त्यात घातली की 'या तारखेपासून' आणि 'त्या तारखेपर्यंत' या दोन तपासण्या वेगळ्या धरतात, म्हणून ७. याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. त्या फंक्शनमधून जायच्या स्वतंत्र वाटा किती, आणि म्हणून निदान किती टेस्ट लिहायला हव्यात, हे या आकड्यातून कळतं.

तो निबंध मला फार आवडतो, कारण त्यात गणिताबरोबर माणसंही आहेत. एका मोठ्या ग्राफिक्स प्रणालीतली फोरट्रानमधली २४ उपफंक्शनं मॅकेबना टेपवर तपासायला दिली गेली. फाटे मोजले तर त्यांतल्या काहींचे आकडे असे निघाले: १६, १७, २४, २४, ३२, ३४, ४१, ५४, ५६, ६४. भरवशाचीच गरज असलेल्या कामात इतका गुंता पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी तिथल्या मंडळींना विचारलं. उत्तर मिळालं की त्रास देणारी फंक्शनं म्हणूनच ती निवडून दिली होती. त्या लोकांनी अनुभवावरून लावलेला भरवशाचा क्रम आणि फाट्यांवरून लागलेला क्रम बराच जुळला. आतला अर्थ काहीही ठाऊक नसताना, नुसते फाटे मोजून दुखरी जागा सापडली होती.

त्यांनी आणखी एक नोंद केली आहे. काही प्रोग्रामर स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगचं औपचारिक शिक्षण नसताना सतत ३ ते ७च्या आकड्यात राहणारा नेटका कोड लिहीत होते. काही जण पुष्कळदा ४० ते ५०च्या घरात जात होते आणि याशिवाय दुसरा मार्गच नाही असं सांगत होते. मॅकेबनी मर्यादा सुचवली १०ची, आणि हा आकडा वाजवी आहे, जादूचा नाही, असंही तिथेच लिहून ठेवलं. पुढे पुष्कळ कंपन्यांनी १० घेतला आणि हा खुलासा सोडून दिला.

खुलासा का महत्त्वाचा ते सांगते. महिन्याच्या क्रमांकावरून जानेवारी, फेब्रुवारी असं नाव छापणारं फंक्शन बारा फाट्यांचं असतं, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. ते वाचायला काहीही त्रास होत नाही. अशा सरळ यादीला मॅकेबनी स्वतःच सूट दिली होती. उलट बाजूही पाहा. चार प्रश्न एकाखाली एक मांडले, 'हे नसेल तर इथूनच परत' अशा पद्धतीने, तर आकडा ५. तेच चार प्रश्न एकाच्या पोटात एक घातले तरी आकडा ५च. पण दुसरा कोड वाचणाऱ्याला चौथ्या प्रश्नापर्यंत पोचताना आधीचे तीन डोक्यात धरून ठेवावे लागतात. ही उणीव भरून काढायला सोनारसोर्स कंपनीच्या ॲन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं दुसरं माप मांडलं. त्यात आतल्या प्रश्नाला चढता भार असतो. एकाखाली एक असलेल्या चार प्रश्नांचे गुण ४. पोटात पोट असेल तर १, २, ३ आणि ४ मिळून १०. माझ्या अनुभवात हे माप माणसाच्या दमण्याच्या जास्त जवळ जातं. आमच्याकडे कोडचा रिव्ह्यू करताना आम्ही दोन्ही आकडे बघतो आणि दोहोंत मोठी तफावत असेल तिथे थांबून वाचतो.

आकडा कमी आला म्हणजे चूक नाही, असं मात्र समजू नये. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलला घाईघाईने आयफोनसाठी दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'चूक झाली, बाहेर पड' अशा अर्थाची एक ओळ दोनदा पडली होती. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे पुढची तपासणी न होताच जोडणी मान्य होत होती. त्या जादा ओळीने फाट्यांची संख्या एकानेही वाढत नव्हती.

तरी ह्या आकड्याचं वजन किती, ते अमेरिकेतल्या एका न्यायालयात दिसलं. २००५च्या टोयोटा कॅमरीचा २००७मध्ये ओक्लाहोमात अपघात झाला. गाडी आपोआप वेगात गेली असा दावा होता आणि त्यात एका बाईंचा जीव गेला. फिर्यादीचे तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी इंजिनच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करून साक्ष दिली की ६७ फंक्शनांचा आकडा ५०च्या वर आहे, आणि थ्रॉटल किती उघडायचा हे ठरवणाऱ्या फंक्शनचा १००च्याही वर. अशा फंक्शनची पुरती चाचणी करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याआधी २०११मध्ये नासाच्या अभियंत्यांच्या मदतीने झालेल्या सरकारी तपासणीत इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नव्हता, हेही इथे सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०१३मध्ये ज्यूरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला आणि ३० लाख डॉलर भरपाई ठरवली. गुंता हा अपघाताचा पुरावा होत नाही. पण 'आमचा कोड बरोबर आहे' हे छातीठोकपणे सांगायची सोय गुंता काढून घेतो, आणि माणसांचा जीव त्यावर अवलंबून असेल तर ही गोष्ट लहान नाही.

आता कधी आवरायचं, या प्रश्नाकडे येते. नवखी टीम काय करते, तर मोजणारं साधन चालवते, उतरत्या क्रमाने यादी काढते आणि सगळ्यात वरच्या फंक्शनला भिडते. यात पुष्कळदा जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं होतं. आमच्या यादीत सगळ्यात वर होतं बचत खात्याच्या जुन्या व्याजाचं फंक्शन. ३१ मार्च २०१०पर्यंत बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. १ एप्रिल २०१०पासून रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या शिलकीवर द्यायला लावलं. जुन्या पद्धतीचं फंक्शन आजही कोडमध्ये आहे, कारण कधीतरी एखादा वारस वडिलांचं जीर्ण पासबुक घेऊन शाखेत येतो आणि त्या काळातलं व्याज पुन्हा पडताळावं लागतं. आत भयंकर गुंता आहे. पण नियम आता बदलणार नाही, आणि जे उत्तर येतं ते बरोबर येतं. त्याला हात लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आम्ही वरती चार ओळींची टीप लिहिली की हे कशासाठी आहे, आणि पुढे गेलो.

मग पाहिलं काय? गेल्या काही वर्षांत कुठल्या फाईलला किती वेळा हात लागला ते. आमचा सगळा कोड गिटमध्ये असतो. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५मध्ये लिहिलेलं हे साधन प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला ते जपून ठेवतं. ही नोंद आणि गुंत्याचा आकडा शेजारीशेजारी ठेवायचा. ॲडम टॉर्नहिल या स्वीडिश लेखकाने ही पद्धत लोकप्रिय केली. गुंताही जास्त आणि वर्दळही जास्त अशा जागेला तो हॉटस्पॉट म्हणतो. आमच्या तक्त्यात तशी जागा एकदम उठून दिसली. टीडीएसचं फंक्शन गुंत्याच्या यादीत पहिलं नव्हतं, पण जवळजवळ प्रत्येक अर्थसंकल्पानंतर त्याला हात लागला होता. शिवाय बहुतेक बदलांच्या मागोमाग आठवड्याभरात दुरुस्तीचा पॅच गेला होता. ही शेवटची खूण मी कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी मानते. जिथे बदलामागून दुरुस्ती ठरलेली, तिथे माणसाला कोड कळत नाहीये.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२मध्ये आर्थिक गुंतवणुकीच्या वायकॅश या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना अशा कोडला कर्ज म्हटलं होतं, आणि तो शब्द आमच्या धंद्यात कायमचा रुजला. घाईत लिहिलेला कोड म्हणजे घेतलेली उचल. पुढच्या प्रत्येक बदलाला जो जादा वेळ जातो ते व्याज. त्या हिशेबाने जुन्या बचत खात्याच्या फंक्शनवर आम्ही व्याज भरतच नव्हतो. टीडीएसवर दर मार्चमध्ये भरत होतो. कुठलं कर्ज आधी फेडायचं हे मग आपोआप ठरलं.

वेळही ठरवावी लागते. जानेवारी ते मार्च बँकेच्या कोडला आवराआवर म्हणून हात लावायचा नाही. आम्ही ते काम २०२४च्या पावसाळ्यात घेतलं.

आवरणं म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवं, कारण 'रिफॅक्टरिंग चालू आहे' या नावाखाली काहीही चालतं. विल्यम ऑपडाइक यांचा १९९२चा इलिनॉय विद्यापीठातला प्रबंध आणि मार्टिन फाउलर यांचं १९९९चं पुस्तक यांतून त्याचा नेमका अर्थ रूढ झाला: बाहेरून दिसणारं वागणं जराही न बदलता आतली मांडणी सुधारणं. नवी सोय दिली तर ते रिफॅक्टरिंग नाही. बग काढला तरी नाही. आणि वागणं बदललं नाही हे तपासायची सोय नसेल, तर तुम्ही नुसते चाचपडताय.

टीडीएसच्या फंक्शनला जवळपास एकही टेस्ट नव्हती. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या २००४च्या पुस्तकात अशा वेळचा उपाय दिला आहे: कोडने काय करायला हवं हे आधी ठरवत बसू नका, तो आज काय करतो ते टिपून ठेवा. आम्ही बँकेच्या परवानगीने मागच्या वर्षांचा डेटा घेतला, नावं आणि खाते क्रमांक पुसले, जुन्या फंक्शनमधून प्रत्येक ठेवीची कपात काढून जपून ठेवली. मग एकेक लहान बदल करायचा, तीच सगळी खाती पुन्हा चालवायची आणि उत्तरं पैशापर्यंत जुळवायची. जुळलं तरच पुढे.

एक अट आम्हाला सगळ्यांना निरर्थक वाटत होती. फॉर्म १५एच दिला आहे का, हे विचारून झाल्यावर जुना कोड पुन्हा फॉर्मची तारीख आणि शेवटच्या कपातीची तारीख यांची तुलना करत होता. टीममधल्या मुलाने ती काढून टाकायचं सुचवलं: या वर्षाचा फॉर्म आहे ना, मग कपात शून्य. तपासणी चालवली आणि काही खाती जुळेनात. नव्या कोडचं उत्तर जुन्यापेक्षा कमी येत होतं, म्हणजे कापलेला कर तो ग्राहकाला परत देऊ पाहत होता. मी बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या, निवृत्तीला आलेल्या एका अधिकाऱ्यांना फोन लावला.

"सर, डिसेंबरमध्ये फॉर्म दिलाय, पण सप्टेंबरची कपात तशीच ठेवलीय. हे बरोबर आहे का?"

"मॅडम, सप्टेंबरचा कर ७ ऑक्टोबरच्या आत सरकारजमा झाला. तो आता आपल्या हातात आहे का? फॉर्म आला तिथून पुढची कपात थांबवायची. मागचं त्यांनी रिटर्न भरून परत घ्यायचं. ते तसंच राहू द्या."

ती अट कुणी लिहिली ते गिटमध्ये सापडलं नाही, कारण ती गिटच्याही आधीची होती. ती आम्ही ठेवली. फक्त तिला स्वतःचं फंक्शन आणि समजेल असं नाव दिलं, आणि त्या अधिकाऱ्यांनी सांगितलेलं कारण वरती लिहून ठेवलं. जुन्या कोडमध्ये अशी पुष्कळ माणसांची समज साठलेली असते. ती नुसतं वाचून दिसत नाही, मोजून तर नाहीच नाही.

मुख्य सुधारणा दिसायला अगदी साधी होती. दर आणि मर्यादा कोडमधून काढून एका तक्त्यात ठेवल्या: कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या प्रकारच्या ठेवीदाराला, किती. कोविडची सूट आता अट उरली नाही, तक्त्यातली एक ओळ झाली. १ एप्रिलच्या जन्माची भानगड 'ज्येष्ठ आहे का' एवढंच सांगणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये गेली. मुख्य फंक्शन पुन्हा वरून खाली वाचता येऊ लागलं. १ फेब्रुवारी २०२५च्या भाषणानंतर आम्ही तक्त्यात ओळी घातल्या, आधीची सगळी वर्षं पुन्हा चालवून पाहिली आणि बँकेला पाठवून दिलं.

टेस्ट नसताना आवराआवर केली आणि मेलेला कोड पुरला नाही, तर काय होतं याचं सगळ्यात महाग उदाहरण न्यूजर्सीतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचं आहे. अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने त्याचा सगळा तपशील जाहीर केला, म्हणून ते नीट समजतं. कंपनीच्या कोडमध्ये पॉवर पेग नावाची एक सोय २००३पासून वापरात नव्हती, पण काढून टाकलेली नव्हती. ग्राहकाची ऑर्डर पुरी झाली की थांब, हे सांगणारी मोजणी २००५मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवली गेली आणि त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासलं गेलं नाही. वापरात नसलेली गोष्ट कोण तपासतो? १ ऑगस्ट २०१२ला न्यूयॉर्क शेअर बाजारात नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी नवा कोड लिहिताना पॉवर पेगचाच जुना चालू-बंद संकेत पुन्हा वापरला. नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. एकावर चढवायचा राहिला. सकाळी बाजार उघडला तेव्हा त्या आठव्या सर्व्हरवर संकेताचा अर्थ जुनाच होता. पॉवर पेग जागं झालं आणि थांबायचं कधी हे त्याला कळेना. बाजार उघडण्याआधी ९७ ईमेल आपोआप निघाल्या होत्या, त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. त्या इशारा म्हणून कुणी वाचल्या नाहीत. गोंधळात लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरचा नवा, चांगला कोड काढला, तेव्हा तिथेही तेच सुरू झालं. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरांच्या वर गेला. कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व पुढच्या वर्षी संपलं.

फाट्यांचा तक्ता त्या दिवशी कुणाला वाचवू शकला नसता. वापर थांबला त्याच वर्षी पॉवर पेग पुसून टाकलं असतं, तर मात्र जागं व्हायला काही उरलंच नसतं. म्हणून माझ्या मते आवराआवरीतलं पहिलं काम पुसणं. न वापरलेला कोड 'असू दे, कधी लागला तर' म्हणून ठेवणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. गिटमध्ये तो सुरक्षित असतोच.

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. ते म्हणतात, हा सगळा कोड फेका, नव्याने लिहू. नेटस्केप या एके काळच्या आघाडीच्या ब्राउझरने ते करून पाहिलं. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी कधी आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर २०००मध्ये, आणि तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार नेला होता. शून्यापासून लिहिताना १५एचच्या तारखेसारख्या अटी कुणालाच आठवत नाहीत, आणि त्या पुन्हा शिकाव्या लागतात त्या ग्राहकांच्या तक्रारींतून. बहुतेक वेळा ते आगीतून फुफाट्यात जाणं ठरतं.

एका गोष्टीची मला खरी चिंता वाटते. काही ठिकाणी हे आकडे थेट माणसांच्या मूल्यमापनाला जोडतात: अमुकच्या वर गेला तर गुण कमी. मग एक मोठं फंक्शन चिरून 'व्याज१', 'व्याज२', 'व्याज३' असे तुकडे पाडले जातात. प्रत्येकाचा आकडा झकास येतो, आणि वाचणाऱ्याला एका गोष्टीसाठी तीन फाईली धुंडाळाव्या लागतात. आकडा टीमने स्वतःसाठी बघावा. तो वरच्या साहेबांच्या तक्त्यात गेला की खोटा व्हायला लागतो.

हे वाचणाऱ्यांत कुणी सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे संचालक असतील, तर त्यांना एक विनंती. सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभालीचा करार दरवर्षी मंजुरीला येतो आणि चर्चा फक्त रकमेवर होते. यंदा कंपनीच्या माणसाला समोर बसवून विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत कोडच्या कुठल्या भागाला सगळ्यात जास्त वेळा हात लागला, आणि बदल केल्यावर जुनी उत्तरं बिघडली नाहीत हे तुम्ही कशावरून तपासता? याचं उत्तर द्यायला तांत्रिक भाषा लागत नाही. पहिल्याचं उत्तर गिटमधून चार-पाच मिनिटांत निघतं. दुसऱ्याचं उत्तर 'आमचा माणूस बघून घेतो' असं आलं, तर करारात टेस्ट लिहिण्यासाठी वेगळे दिवस आणि वेगळे पैसे घाला, आणि ते काम मार्चपर्यंत नेऊ नका.